किलोमागे तीन अणू: झेनॉन-वन-टीच्या जादा नोंदींचं प्रकरण

17 जून 2020 रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, एका ऑनलाइन व्याख्यानात कृष्णद्रव्य (विश्वातलं, प्रकाश न देणारं अदृश्य द्रव्य) शोधणाऱ्या एका मोठ्या गटाने एक आलेख दाखवला. आलेखाच्या डाव्या टोकाला, अगदी कमी ऊर्जेच्या भागात, काही ठिपके अपेक्षित रेषेच्या वर उभे होते. अपेक्षा 232 नोंदींची, मिळाल्या 285. एवढंच. या 53 जादा नोंदींवर पुढची दोन वर्षं जगभर खल झाला.

प्रयोग सार्वजनिक आहे, त्यामुळे त्याचं नाव, झेनॉन-वन-टी, लपवण्यात अर्थ नाही. गटातल्या व्यक्तींची नावं मात्र इथे घेतलेली नाहीत. सुमारे 160 जणांनी मिळून घेतलेल्या निर्णयांत कोण काय म्हणालं हे बाहेरून सांगणं बरोबरही नाही. छापून आलेले निकाल आणि त्यांतून दिसणारे निर्णय, एवढ्यावरच हे लिखाण उभं आहे. ‘असं करता आलं असतं’ वगैरे मतं माझी.

पार्श्वभूमी

इटलीतल्या ग्रान सासो पर्वताखाली, सुमारे 1400 मीटर खडकाच्या आड एक भूमिगत प्रयोगशाळा आहे. वरचा खडक वैश्विक किरणांना अडवतो, म्हणून ती तिथे. झेनॉन-वन-टी हा शोधक तिथे होता: 3.2 टन द्रव झेनॉन, त्यातलं 2 टन प्रत्यक्ष ‘पाहणारं’, उणे 96 अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवलेलं, आणि वर-खाली मिळून 248 फोटोमल्टिप्लायर, म्हणजे अगदी क्षीण प्रकाशही टिपणाऱ्या नळ्या.

कण येऊन झेनॉनच्या अणूला धडकला की दोन गोष्टी होतात. लगेच एक अतिनील प्रकाशाचा झोत निघतो. शिवाय काही इलेक्ट्रॉन सुटे होतात. विद्युत क्षेत्र त्यांना वर ओढून नेतं आणि द्रवाच्या पृष्ठभागावरच्या वायूत ते दुसरा, मोठा झोत उठवतात. दोन झोतांमधल्या वेळेवरून धडक किती खोलवर झाली ते कळतं. दोघांच्या प्रमाणावरून धक्का केंद्रकाला बसला की इलेक्ट्रॉनला, हेही सांगता येतं.

गट ज्या कणांच्या मागे होता, ते वजनदार आणि क्षीण परस्परक्रिया करणारे कृष्णद्रव्याचे कण केंद्रकाला धक्का देतील अशी अपेक्षा होती. त्या शोधाचा निकाल 2018 साली आला: एक टन-वर्षाची नोंद (झेनॉनचं वजन गुणिले निरीक्षणाचा काळ), कण सापडला नाही, मर्यादा कडक झाली. इलेक्ट्रॉनला बसलेले धक्के त्या शोधात कचरा होते. मुख्यतः झेनॉनमध्ये मिसळलेल्या रेडॉनच्या साखळीतलं शिसं-214 आणि थोडासा क्रिप्टॉन-85 यांच्या बीटा किरणांमुळे ते येतात. या क्षेत्रात अशा नोंदींना सरसकट ‘बॅकग्राउंड’ म्हणतात. मीही तेच म्हणेन.

तर मग तो कचरा कोणी चाळायला का घेतला? कारण तो विलक्षण कमी होता. 1 ते 30 केईव्ही (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) या पट्ट्यात दर टनाला, दर वर्षाला, दर केईव्हीला 76 नोंदी, अधिक-उणे 2. तोवर कुणाचाही शोधक या पट्ट्यात इतका शांत नव्हता. इतक्या शांततेत सूर्याकडून येणारे अ‍ॅक्सिऑन नावाचे काल्पनिक हलके कण किंवा जवळपास कशालाही न अडता आरपार जाणाऱ्या न्यूट्रिनो कणांचं अनपेक्षित वागणं यांसारख्या गोष्टीही ऐकू येऊ शकतात. एका शोधाचा कचरा दुसऱ्या शोधाचा कच्चा माल ठरला. या प्रकरणातला पहिला निर्णय तोच, आणि तो योग्यच होता.

अडचण

फेब्रुवारी 2017 ते फेब्रुवारी 2018 या काळातली 0.65 टन-वर्षाची नोंद घेतली. 7 ते 30 केईव्हीपर्यंत बॅकग्राउंडचं गणित आणि प्रत्यक्ष आकडे छान जुळले. 1 ते 7 केईव्हीमध्ये मात्र जुळेनात. सर्वांत उठून दिसणारा उंचवटा 2 ते 3 केईव्हीला.

अशा वेळी पहिला संशय नेहमी उपकरणाच्या उंबरठ्यावर जातो. शोधकाला 1 केईव्हीच्या आसपास सगळं दिसत नाही. किती टक्के दिसतं याचा अंदाज चुकला तर खोटा उंचवटा किंवा खोटा खळगा तयार होतो. यासाठी रेडॉन-220 मुद्दाम आत सोडून घेतलेल्या मोजणीकडे बोट दाखवण्यात आलं. त्या स्रोताचे कमी ऊर्जेचे धक्के अपेक्षेप्रमाणे नीट बसत होते, उंचवटा नव्हता. म्हणजे चष्मा ठीक होता. जादा नोंदी एका कोपऱ्यात किंवा भिंतीलगत गोळा झाल्या आहेत का, तेही पाहिलं. त्या सगळ्या आकारमानात पसरलेल्या होत्या. बाहेरून झिरपणारं काही असतं तर कडेला दाटी दिसली असती.

मग आर्गॉन-37. हा संशयित मोहक होता, कारण तो 2.8 केईव्हीला शिखर देतो, म्हणजे जवळपास तिथेच. पण त्याचा अर्धायुष्यकाल 35 दिवसांचा. सुरुवातीला आत आलेला असला तरी ऊर्ध्वपातनात निघून गेला असता आणि उरलेला कधीच संपला असता. हवा सतत गळत असती तर क्रिप्टॉनही वाढलेला दिसला असता. शिवाय उंचवट्याला एकाच ऊर्जेचं शिखर मानून बसवलं तर ते 2.3 केईव्हीला, अधिक-उणे 0.2, येत होतं. आर्गॉनला वगळलं.

उरला ट्रिटियम. इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं प्रकरण यावरच फिरतं.

ट्रिटियम म्हणजे दोन जादा न्यूट्रॉनचं ओझं वाहणारा हायड्रोजन. अर्धायुष्यकाल 12.3 वर्षं, आणि त्याच्या बीटा किरणांची कमाल ऊर्जा फक्त 18.6 केईव्ही, सरासरी तर 6 केईव्हीहूनही कमी. म्हणजे त्याच्या नोंदी नेमक्या त्याच डाव्या टोकाला गर्दी करणार. जादा नोंदी त्याच्यामुळे आल्या असं मानलं तर किती ट्रिटियम लागतो? गटाने काढलेला आकडा: झेनॉनच्या प्रत्येक मोलमागे 6.2 × 10⁻²⁵ मोल. हा आकडा डोळ्यांसमोर उभा राहत नाही, म्हणून दुसऱ्या भाषेत सांगतो: एक किलो झेनॉनमध्ये साधारण 4600 कोटी कोटी कोटी अणूंच्या... नको, तेही उभं राहत नाही. एक किलो झेनॉनमध्ये ट्रिटियमचे तीनपेक्षा कमी अणू. बस्स.

कागदावर ढोबळ हिशेब करून पाहा. किलोला तीनाच्या आतबाहेर अणू, त्यातले वर्षाला साडेपाच टक्के फुटणार, नोंद 650 किलो-वर्षांची. फुटणारे अणू साधारण शंभर, आणि त्यातले निम्म्याहून थोडे अधिक 1 ते 7 केईव्हीमध्ये पडणार. जादा नोंदी 53. हिशेब अस्वस्थ वाटावा इतका जुळतो.

आता तो आत येणार कुठून? एक वाट अशी की झेनॉन जमिनीवर असताना वैश्विक किरणांनी त्यातच ट्रिटियम घडवला. पण तो गाळणीत निघून जायला हवा होता. दुसरी वाट पाण्याची आणि हायड्रोजनची. निसर्गातल्या पाण्यात आणि हायड्रोजन वायूत ट्रिटियमचा अंश असतो. शोधकाच्या पोलादातून आणि टेफ्लॉनमधून हे दोन्ही हळूहळू बाहेर सुटतात. जादा नोंदी या वाटेने यायच्या तर झेनॉनमध्ये पाणी आणि हायड्रोजन मिळून अब्जात 60 ते 120 भाग असायला हवेत. पाणी तितकं असतं तर प्रकाश शोषला गेला असता; प्रकाश उत्तम पोचत होता, म्हणजे पाणी अब्जात एखाद्या भागाच्या घरात. पाणी इथे मुरत नव्हतं. हायड्रोजनचं काय? तो प्रकाश शोषत नाही, इलेक्ट्रॉन गिळत नाही. आपण असल्याची कोणतीच खूण मागे ठेवत नाही. त्याचं थेट मोजमाप हाताशी नव्हतं.

आणि झेनॉन-वन-टी डिसेंबर 2018 मध्ये बंद झाला होता. त्याच जागी, त्याच सोयी वापरून पुढचा, मोठा शोधक बसवण्याचं काम चालू होतं. परत जाऊन बघायला ती अवस्थाच शिल्लक नव्हती.

समोरचे पर्याय

भौतिकीच्या अंगाने टेबलावर चार गोष्टी होत्या. सौर अ‍ॅक्सिऑन: सूर्याच्या गाभ्यात जन्मणारे काल्पनिक हलके कण. यांचं पारडं 3.5 सिग्मा (योगायोगापासूनच्या अंतराचं माप; आकडा जितका मोठा तितका योगायोग अवघड) इतकं जड दिसत होतं; निव्वळ बॅकग्राउंडच्या चढउतारातून असं घडण्याची शक्यता दहा हजारांत दोन. न्यूट्रिनोचं चुंबकीय परिबल (चुंबकासारखं वागण्याचं माप) अपेक्षेपेक्षा मोठं असणं: 3.2 सिग्मा. ट्रिटियम: तोही 3.2 सिग्मा. चौथी, कृष्णद्रव्याचा बोसॉन जातीचा एखादा हलका कण इलेक्ट्रॉनला पूर्ण ऊर्जा देऊन नाहीसा होणं. सगळ्या ऊर्जा धुंडाळल्याची किंमत (खूप जागी शोधलं की कुठेतरी योगायोगाने उंचवटा दिसतोच) वजा केल्यावर त्याचे 3 सिग्मा उरत.

आकड्यांकडे पाहून 3.5 हा 3.2 पेक्षा ‘जिंकला’ असं वाटतं. तसं ते नाही. दोन्ही आकडे ‘फक्त बॅकग्राउंड’ या गृहीतकाशी तुलना करून आलेत, एकमेकांशी नव्हे. मोजणीत ट्रिटियमला मोकळं सोडलं, म्हणजे त्याचं प्रमाण आकड्यांनाच ठरवू दिलं, की अ‍ॅक्सिऑनचं पारडं 2 सिग्माच्या आसपास उतरतं आणि न्यूट्रिनोचं 0.9 वर. माझ्या दृष्टीने गटाच्या 2020 च्या शोधनिबंधातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच. ते सारांशातच होतं, तरी बहुतेकांच्या नजरेतून सुटलं.

अ‍ॅक्सिऑनच्या विरुद्ध आणखी एक साक्ष होती, आणि ती आकाशातून येत होती. या नोंदींसाठी अ‍ॅक्सिऑनचं इलेक्ट्रॉनशी जितकं जवळचं नातं लागतं तितकं खरोखर असतं, तर श्वेत बटू आणि तांबडे राक्षसी तारे आपली उष्णता अ‍ॅक्सिऑनवाटे भराभर गमावून बसले असते. तारे तसे थंड होताना दिसत नाहीत. गटाने हा विरोध स्वतःच्या निबंधातच मांडला.

ऋतूंचा पुरावा मिळेल का, हाही विचार झाला. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या जवळ असते, जुलैत लांब. सूर्यातून येणाऱ्या कणांचा ओघ त्यामुळे सुमारे 7 टक्क्यांनी हलतो. पण 53 चे 7 टक्के म्हणजे जेमतेम चार नोंदी. 285 नोंदींत निव्वळ योगायोगाचा चढउतारच सतराच्या आसपास. चार शोधायला गेलो तर सतराच्या लाटांत बुडणार. काळाचा आलेख निर्णय देऊ शकला नाही यात नवल नाही. फेब्रुवारी 2018 नंतर घेतलेली एक छोटी, अधिक स्वच्छ नोंदही होती. तीही लहान असल्याने मूक राहिली.

व्यवहाराच्या अंगाने पर्याय तीन. एक, गप्प बसायचं आणि नव्या शोधकाची वाट पाहायची. दोन, ट्रिटियमला बॅकग्राउंडच्या यादीत घालून टाकायचं. मग उंचवटाच जवळजवळ नाहीसा होतो आणि एक सरळ, कंटाळवाणा मर्यादेचा निबंध निघतो. तीन, जे दिसतंय ते दाखवायचं, कारण माहीत नाही असं सांगून.

दुसरा पर्याय वाटतो तितका सालस नाही. ज्याचं प्रमाण स्वतंत्रपणे मोजलेलं नाही असा घटक यादीत मोकळा सोडला, तर तो कोणताही उंचवटा गिळू शकतो. उद्या खरा कण आला तरी त्याला ट्रिटियमच्या नावावर जमा करता येईल. पहिल्या पर्यायातही मेख होती. एवढ्या मोठ्या गटात अशी गोष्ट दोन वर्षं झाकून राहणं अवघड, आणि अफवेच्या रूपाने बाहेर आली असती तर तिच्यासोबत ट्रिटियमची तळटीप आली नसती.

काय केलं

गटाने तिसरा पर्याय घेतला, पण एका अटीसह: ट्रिटियम बॅकग्राउंडमध्ये धरायचा नाही, तरी प्रत्येक निकाल ट्रिटियम धरून आणि न धरून असा दोनदा सांगायचा. ‘शोध लागला’ असं कुठेही म्हटलं नाही. निबंधाच्या नावातही कुठल्या कणाचा उल्लेख नव्हता, फक्त जादा नोंदींचा होता. ऑक्टोबर 2020 मध्ये तो नियतकालिकात छापून आला तेव्हा अ‍ॅक्सिऑनचं पारडं 3.5 वरून 3.4 वर आलेलं होतं.

बाहेर मात्र व्हायचं ते झालंच. बातम्यांत अ‍ॅक्सिऑन शीर्षकात आणि ट्रिटियम शेवटच्या परिच्छेदात गेला. सैद्धांतिक निबंधांची संख्या काही महिन्यांत शेकड्याच्या घरात पोचली. नवे कण, नव्या शक्ती, सूर्याऐवजी इतर स्रोत. यात काही चांगलं कामही झालं. अ‍ॅक्सिऑन इलेक्ट्रॉनऐवजी झेनॉनच्या केंद्रकाभोवतीच्या क्षेत्रात फोटॉन बनू शकतो, ही आधी दुर्लक्षिलेली वाट या गडबडीत नीट तपासली गेली. पण किलोमागे तीन अणू आत कसे आले असतील, या प्रश्नावर निबंध लिहायला अर्थातच कोणी धावलं नाही.

खरा पेच नव्या शोधकाच्या बाबतीत होता, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

झेनॉन-एन-टी हा पुढचा शोधक: 5.9 टन क्रियाशील झेनॉन, रेडॉन काढणारा नवा ऊर्ध्वपातन स्तंभ. प्रश्न असा की तो भरायच्या आधी ट्रिटियमविरुद्ध साफ करायचा की नाही? दोन उद्दिष्टं एकमेकांच्या आड येत होती. जुना उंचवटा कशाचा होता हे समजून घ्यायचं असेल, तर सगळं पूर्वीसारखंच ठेवायला हवं. उंचवटा परत आला तर हायड्रोजन कमी-जास्त करून त्याची परीक्षा घेता येईल. नव्या भौतिकीचा शोध घ्यायचा असेल, तर शक्य तेवढी सफाई हवी. पण सफाई केली आणि उंचवटा आला नाही, तर तो ट्रिटियमचा होता हे सिद्ध होणार नाही, फक्त इतर सगळे संशयित सुटतील. दोन्ही गोष्टी एकाच यंत्रात, एकाच वेळी मिळणं शक्य नव्हतं.

गटाने सफाई निवडली. झेनॉन भरण्याआधी आतला भाग सुमारे तीन महिने निर्वातात ठेवून त्यात मुरलेलं पाणी आणि हायड्रोजन बाहेर काढलं. झेनॉनचा साठा क्रिप्टॉन काढणाऱ्या ऊर्ध्वपातन यंत्रणेतून नेला. मग झेनॉन वायू भरून तो तापलेल्या झिर्कोनियमच्या गेटरमधून, म्हणजे अशुद्धी शोषून धरणाऱ्या गाळणीतून, आणि हायड्रोजन काढणाऱ्या भागांतून सुमारे तीन आठवडे फिरवत ठेवला. त्यानंतरच द्रव भरला.

आणि इथेच गटाची हुशारी दिसते. 6 जुलै ते 10 नोव्हेंबर 2021 या काळातली 97.1 दिवसांची मुख्य नोंद झाल्यावर त्यांनी उलटं केलं. वायूची शुद्धीकरण वाट गेटरला वळसा घालून नेली, म्हणजे हायड्रोजन साठू दिला, आणि 14.3 दिवस तशी नोंद घेतली. या अवस्थेत हायड्रोजनच्या रूपातला ट्रिटियम किमान दहापट वाढायला हवा असा त्यांचा अंदाज होता. मुख्य नोंदीत ट्रिटियमचा अंश जरी असता, तरी या पंधरवड्यात तो ओरडून सांगता झाला असता.

आणखी एक निर्णय: कमी ऊर्जेच्या नोंदी झाकून ठेवून विश्लेषण ठरवायचं. कोणत्या नोंदी धरायच्या, कोणत्या टाकायच्या, बॅकग्राउंड कसं मोजायचं हे सगळं आधी पक्कं. मग झाकण उघडायचं. अख्खं जग 2 केईव्हीकडे डोळे लावून बसलेलं असताना स्वतःच्या नजरेवर भरवसा न ठेवणं शहाणपणाचं होतं.

निष्पत्ती

22 जुलै 2022 रोजी व्हिएन्नातल्या परिषदेत निकाल आला. नोंद 1.16 टन-वर्षांची. बॅकग्राउंड 1 ते 30 केईव्हीमध्ये दर टन-वर्ष-केईव्हीला 15.8, अधिक-उणे 1.3, म्हणजे आधीच्या शोधकाच्या एक पंचमांश. उंचवटा नव्हता.

तो किती ठामपणे नव्हता हे पुन्हा कागदावर पाहता येतं. जुना उंचवटा बाहेरून येणाऱ्या कणांचा असता, तर 0.65 टन-वर्षाला 53 या हिशेबाने 1.16 टन-वर्षाला साधारण 95 जादा नोंदी हव्या होत्या. 1 ते 7 केईव्हीमधलं बॅकग्राउंड 110 च्या घरात, आणि त्याचा चढउतार दहाच्या. हा माझा ढोबळ हिशेब, त्यात उंबरठ्याची कपात नाही. पण 95 नोंदी लपून राहणं अशक्य हे त्यावरूनही दिसतं. गटाने स्वतः मांडलेला निष्कर्ष अधिक जपून आहे: जुना उंचवटा 2.3 केईव्हीचं शिखर मानला, तर तो सुमारे 4 सिग्माने बाद होतो.

ट्रिटियम वाढवून घेतलेल्या पंधरवड्यातही ट्रिटियमचा मागमूस नव्हता, त्यामुळे मुख्य विश्लेषणाच्या बॅकग्राउंडमध्ये तो धरलाच नाही. म्हणजे सफाई यशस्वी झाली होती, कदाचित गरजेपेक्षा जास्तच. जुन्या उंचवट्याचं मूळ ट्रिटियमचा अंश असावा, असं गटाने सुचवलं. ‘असावा’ या शब्दाच्या पुढे जाता येत नाही. पुरावा उलट बाजूने आलेला आहे: बाकीचे सगळे निर्दोष सुटले म्हणून हा दोषी.

योगायोग म्हणजे, त्याच सुमारास चीनमधल्या जिनपिंग प्रयोगशाळेतल्या पांडा-एक्स-फोर-टी या झेनॉन शोधकाच्या पहिल्या नोंदीत ट्रिटियम दिसला होता. तिथे मात्र कोडं नव्हतं. आधीच्या टप्प्यात त्यांनी मोजमापासाठी ट्रिटियम लावलेला मिथेन मुद्दाम वापरला होता आणि त्याचा अवशेष मागे राहिला होता. द्रव झेनॉनमधून ट्रिटियमचा शेवटचा अंश काढणं किती चिवट काम आहे याचं हे शेजारचंच उदाहरण.

वेगळं काय करता आलं असतं

2020 साली निकाल जाहीर करण्याच्या निर्णयात मला फारसं खोट काढण्यासारखं दिसत नाही. दोनदा सांगितलेले आकडे, ताऱ्यांचा विरोध स्वतःहून मांडणं, नावात संयम, हे सगळं चांगलं होतं. मांडणीत एक बदल मी केला असता. अ‍ॅक्सिऑनचे 3.5 आणि ट्रिटियमचे 3.2 हे आकडे शेजारी ठेवले की वाचणारा त्यांची शर्यत लावतो, हे आधी ओळखता आलं असतं. ट्रिटियम मोकळा सोडल्यावरचे 2 सिग्मा हाच मुख्य आकडा करून 3.5 हा ‘ट्रिटियम शून्य मानल्यास’ असा दुय्यम ठेवता आला असता. यावर एक रास्त हरकत आहे: मग वर सांगितलेलं ‘काहीही गिळणारा घटक’ हे संकट मागच्या दाराने आत येतं. तरी जाहीर निवेदनापुरता तरी हा क्रम बदलायला हरकत नव्हती.

खरी जागा 2018 ची आहे. झेनॉन-वन-टी बंद करण्याआधी हायड्रोजनचं एक मोजमाप हवं होतं. ट्रिटियम थेट मोजायला कुणी सांगत नाही; किलोमागे तीन अणू मोजणारं यंत्र म्हणजे तो शोधकच. पण हायड्रोजनचा अंदाज घेणं अशक्य नव्हतं. दुसरी शक्यता गेटर काही आठवडे वगळून घेतलेली नोंद, म्हणजे नेमकं तेच जे पुढे 2021 मध्ये केलं. जुन्या शोधकात हा पंधरवडा घेतला असता आणि उंचवटा दहापट फुगला असता, तर त्याच दिवशी प्रकरण मिटलं असतं. शंभर निबंधांची मेहनतही वाचली असती. फुगला नसता, तर मात्र 2020 ची घोषणा फार वेगळ्या आवाजात झाली असती.

हे म्हणणं आज सोपं आहे याची जाणीव मला आहे. 2018 मध्ये गटाचा मुख्य शोध केंद्रकाच्या धक्क्यांचा होता, आणि त्या शोधात थोडा ट्रिटियम कोणाचंच काही बिघडवत नव्हता. जे आपल्या प्रश्नाच्या आड येत नाही ते मोजायला कोण वेळ देतो? शिवाय पुढचा शोधक वाट पाहत होता आणि भुयारातली जागा एकच. तरीही यंत्र मोडण्याआधीची यादी बनवताना ‘या यंत्राबद्दल नंतर कोणता प्रश्न विचारता येणार नाही’ असा एक रकाना असायला हवा, असं मला हे प्रकरण वाचताना सारखं वाटत राहिलं.

सफाई की निदान, या पेचात गटाने घेतलेली बाजू मला पटते, पण अर्ध्या मनाने. मोठा शोधक मळका ठेवून एका जुन्या उंचवट्याचं शवविच्छेदन करत बसणं खर्चिक ठरलं असतं. मधली वाट एक होती: सुरुवातीची थोडी नोंद कमी सफाईवर घ्यायची, मग पूर्ण सफाई. पण भिंतींत आणि टेफ्लॉनमध्ये मुरलेला हायड्रोजन भरलेल्या शोधकातून काढणं रिकाम्या शोधकातून काढण्यापेक्षा कैक पटींनी कठीण. ती जोखीम गटाने घेतली नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही बहुधा घेतली नसती.

सूर्याचं प्रकरण पुढेही चालू राहिलं. जुलै 2024 मध्ये झेनॉन-एन-टीने सूर्यातल्या बोरॉन-8 च्या न्यूट्रिनोंचे झेनॉनच्या केंद्रकांना बसणारे धक्के दिसत असल्याचं 2.7 सिग्माच्या बळावर सांगितलं. पांडा-एक्स-फोर-टीचा निकालही जवळपास तेवढ्याच वजनाचा होता. सूर्याकडून काहीतरी येत होतं हे खरं, ते अ‍ॅक्सिऑन नव्हते. जुन्या शोधकातल्या झेनॉनमध्ये 2018 साली हायड्रोजन किती होता, हा रकाना मात्र आजही रिकामा आहे.